पुठ्ठ्यावरचा डाग

"चौथ्यांदा," म्हातारे साहेब म्हणाले आणि पुठ्ठा कोरडेच्या टेबलावर टाकला. "वाच गं, किती आहे."

मुलीने पुठ्ठ्याच्या कडेला पेन्सिलीने लिहिलेलं वाचलं. "साडेचार सेंटिमीटर, बाबा. परवा चार होता."

"वाढतोय. प्रगती आहे तुमची, कोरडे."

कोरडे हे काही त्याचं आडनाव नव्हतं. त्याच्या गॅरेजमधून बाहेर पडलेल्या गाडीखाली तेलाचा थेंब दिसत नाही, म्हणून बाकीच्या मेकॅनिक लोकांनीच ते नाव पाडलं होतं. युरोपातल्या जुन्या गाड्यांची तेलगळती शोधणं हेच त्याचं काम. इतरांनी हात टेकले की गाडी त्याच्याकडे यायची. दुरुस्तीनंतर गाडी घरी एक रात्र पुठ्ठ्यावर उभी करायची आणि सकाळी पुठ्ठा कोरडा असेल तरच चालवायची, हा त्याचा नियम. नाहीतर दुरुस्तीसाठी सावकाश गॅरेजपर्यंत आणायची, बस. गरम एक्झॉस्टवर तेल ठिबकलं तर गाडी पेट घेऊ शकते, हे तो प्रत्येकाला दम देऊन सांगे.

साहेबांची गाडी वीस वर्षांची होती. पहिल्यांदा आली तेव्हा वॉल्व्ह कव्हरचं गॅस्केट खरोखरच कडक होऊन तडकलं होतं. ते बदललं, बोल्ट ठरलेल्या क्रमाने आणि मोजून आवळले. दुसऱ्यांदा ऑइल फिल्टरच्या खाली थोडी ओल वाटली, म्हणून तिथलंही गॅस्केट नवं घातलं. तिसऱ्यांदा सगळा गिअरबॉक्स उतरवून क्रँकशाफ्टचं मागचं सील बदललं. दोन दिवस गाडीखाली पडून त्याची पाठ धरली होती. आणि आता हा डाग.

"दोन महिने झाले, मी स्वतःच्या गाडीला हात लावलेला नाही," साहेब म्हणाले. "ही पोरगी मला पार्सलसारखं इकडून तिकडे पोचवते."

"बाबा, त्यांना काम करू द्या."

"करतातच की. काम होतं, तेल थांबत नाही, एवढंच."

कोरडेने बॉनेट उघडून तेल मोजायची काडी ओढून पाहिली. त्याला एकच गोष्ट छळत होती. तेल रोज गळत होतं आणि काडीवरची पातळी मात्र केसभरही उतरत नव्हती.

घरी ताट वाढताना बायकोने विचारलं, "आज कोण गळतंय, गाडी की तुम्ही?" तो हसला नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने इंजिन धुऊन, पुसून लख्ख केलं आणि तेलात थोडा रंग मिसळला. जांभळ्या दिव्याखाली हा रंग पिवळाहिरवा चमकतो, त्यामुळे बारीकशी गळतीही लपत नाही. अर्धा तास इंजिन चालवून त्याने दिवा सगळीकडे फिरवला. आरसा लावून मागची बाजूही पाहिली. एकही जागा चमकली नाही. त्याने पाना बाकावर आपटला, पुन्हा उचलून जागेवर ठेवला आणि गाडी मुलीच्या ताब्यात दिली.

सकाळी ती एकटीच पुठ्ठा घेऊन आली. "पाच सेंटिमीटर, काका."

कोरडेने शटर अर्धं ओढून अंधार केला आणि पुठ्ठा दिव्याखाली धरला. डाग काळाच राहिला. त्याच्या नखांत अडकलेलं कालचं तेल मात्र पिवळंहिरवं चमकत होतं.

"ताई, हे तुमच्या इंजिनातलं तेल नाही."

तिने त्याच्या हातातून पुठ्ठा घेऊन टेबलावर पालथा ठेवला.

"मीच ओतते," ती म्हणाली. "पहिली गळती खरी होती. त्यावरूनच सुचलं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलंय, बाबांना समोरचं दिसतं, बाजूचं दिसत नाही. एक सायकलवाली थोडक्यात वाचली. बाबा म्हणतात, तीच मध्ये आली. मी किल्ली काढून घेतली असती तर माझ्याशी बोलणं टाकलं असतं त्यांनी. तुमचं मात्र ऐकतात. गळतंय तोवर चालवायची नाही म्हणजे नाही."

"अहो, मी गिअरबॉक्स उतरवला त्यासाठी."

"माहीत आहे. झोप लागली नाही मला त्या दिवशी."

"मला तरी कुठे लागली होती?"

"बाबांना सांगू नका, काका. गळती सापडत नाही, एवढंच सांगा."

एवढंच. पंचवीस वर्षांत हे वाक्य त्याच्या तोंडून निघालं नव्हतं. साहेब ते गावभर करणार आणि उद्यापासून लोक त्याला कोरडे म्हणताना गालात हसणार. ती गेल्यावर तो तोच एक पाना तीनदा पुसत बसला.

दुपारी साहेब आले, पहिल्यांदाच एकटे. भिंतीवर हात ठेवत, पायरी पायाने चाचपत आत शिरले आणि खुर्चीत बसले.

"काय निघालं?"

कोरडेला सायकलवाली आठवली.

"हरलो, साहेब. तुमच्या गाडीची गळती मला सापडत नाही. चालवू नका, एवढंच सांगेन."

त्याने टोमण्याची वाट पाहिली. साहेबांनी मान पूर्ण वळवून त्याच्याकडे नीट पाहिलं.

"उपकार झाले," ते हळू आवाजात म्हणाले. "पोरगी विचारेल तेव्हाही हेच सांगा. आणि मला एक लिटर तेल द्या. जिन्याखाली तिने लपवलेला डबा तळाला गेलाय, तिला कळायच्या आत भरून ठेवतो."