अकिरूआजींचा चहा

आमच्या नैरोबीच्या परिषदेत ऑनलाइन येणाऱ्या प्रत्येकासाठीही सभागृहात खुर्ची असते. खुर्चीवर स्क्रीन, पुढ्यात नावाची पाटी आणि वाफाळता चहा. लांब आहे म्हणून कुणाला उपरं वाटू नये, एवढंच. आवाज सांभाळायचं काम माझं.

दूर उत्तरेकडच्या तुर्काना भागातल्या अकिरूआजी दरवर्षी सुईणींच्या वतीने आपल्या अंगणातून बोलायच्या. मागे उंटाच्या गळ्यातली लाकडी घंटा टकटक वाजत असायची.

"नेकेसा, चहात उंटिणीचं दूध घातलंस का गं?"

"नाही हो आजी."

"मग तूच पी. एवढ्या लांबून मी फुंकर तरी कशी मारू?"

या मार्चमध्ये आजी गेल्या. तरी यंदा कुणीतरी जुन्या यादीवरून त्यांची पाटी मांडली.

"उचलू का?" स्क्रीन लावणाऱ्या किप्रोनोने हळूच विचारलं.

"राहू दे रे. आज सुईणींचाच ठराव आहे." मी चहाही ओतला.

हजेरी सुरू झाली. आजींच्या नावापाशी अध्यक्षबाई थबकल्या. तेवढ्यात माझ्या हेडफोनमध्ये घंटा वाजली. टकटक.

मी आजींच्या स्क्रीनकडे पाहिलं. ती काळी होती. तिची वायर किप्रोनोच्या हातात गुंडाळलेली होती.

मी हेडफोन काढून ठेवला. घंटा वाजतच राहिली, उलट आता अगदी जवळून.

आजींच्या कपातली वाफ सरळ वर जात होती. मग ती खुर्चीकडून माझ्याकडे हळूच झुकली, सावरली आणि पुन्हा झुकली. कुणीतरी चहावर फुंकर मारत होतं.