दोन रकाने

पाण्यात राहणाऱ्या, पालीसारख्या दिसणाऱ्या न्यूटच्या मादीने मागच्या दोन पायांनी रोपाचं पान मधोमध दुमडलं, घडीत एक अंडं घातलं आणि घडी दाबून धरली. धाकटीने घड्याळ पाहिलं. तीन मिनिटं चाळीस सेकंद. एवढ्या वेळात अंड्याभोवतीचा चिकट थर पानाला धरतो आणि घडी मिटलेली राहते. मादीने पाय सोडले. पान ताडकन उलगडून होतं तसं सरळ झालं. अंडं उघडं पडलं. दगडामागून नर आला आणि त्याने ते गिळून टाकलं.

मादी शेजारच्या पानाकडे वळली.

धाकटीने बाही कोपराच्या वर सरकवली, काचेच्या टाकीत हात घातला आणि रोप धरून ओढलं. जोर लावावाच लागला नाही. बुडाशी मुळं नव्हती, एक गोल जड चकती होती.

"दादा."

दादा चहाचा कप घेऊन दारात आला. "आल्या आल्या पालींची विचारपूस! आम्हा माणसांचा नंबर कधी लागणार, बाईसाहेब?"

"हे प्लॅस्टिकचं आहे."

"मग? खरी रोपं कुजली. पाण्याला वास मारायला लागला, बाबांना इथे झोपवेना. ही निदान मरत तरी नाहीत. आणि तुझ्या पालींना काय कळतंय त्यातलं?"

"कधी कुजली?"

"झाले की दोनेक महिने. जास्तच असतील."

टाकी बाबांच्या खोलीत होती, कारण न्यूटना गार पाणी लागतं आणि घरात तीच खोली गार. बाबा खाटेवर भिंतीला टेकून बसले होते. अर्धांगाच्या झटक्यानंतर त्यांचा उजवा पाय जड झाला होता. रोज चालवा, व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी बजावलं होतं, एकदा आखडला की मग माझ्याही हातात काही राहायचं नाही.

धाकटीने ओला हात पुसला आणि बॅगेतून वही काढली. बदलीच्या गावाहून ती दर रविवारी दादाला फोन करायची आणि त्याने सांगितलेले आकडे दोन रकान्यांत मांडायची. डावीकडे रोपाची उंची, उजवीकडे बाबांची पावलं. अकरा रविवार झाले होते.

डावीकडे बारा, चौदा, सोळा, अठरा. दर आठवड्याला बरोबर दोन सेंटिमीटर. तिने त्याचा आलेख काढला होता आणि रेघ किती सरळ आली म्हणून मनातून सुखावली होती. ती शिकवायची त्या वर्गातल्या एखाद्या मुलीने असली रेघ आणून दाखवली असती, तर तिने विचारलं असतं, हे मोजलंस की घरी बसून लिहिलंस? जिवंत वस्तू इतकी सरळ वाढत नाही. आपल्या भावाला तो प्रश्न विचारायचं तिला सुचलंच नव्हतं.

मग तिची नजर उजवीकडे गेली. चाळीस, पन्नास, साठ, सत्तर.

तिने वाकून खाटेखालच्या चपला ओढल्या. गेल्या रजेत, फिरताना घसरायला नको म्हणून तिनेच आणल्या होत्या. तिने एक उलटी केली. खाचांमध्ये धूळ नव्हती. तळाला मापाचा कागद अजून चिकटलेला होता.

"बाबा, गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत शेवटचं कधी गेला होतात?"

बाबांनी आधी दादाकडे पाहिलं.

"जातो की," ते म्हणाले. "म्हणजे, मधूनमधून. मीच कंटाळा करतो गं. त्याला काही बोलू नकोस."

ती खाटेवर त्यांच्या पायाशी बसली. एक हात गुडघ्याखाली, एक घोट्याला, आणि हळूच पाय दुमडू लागली. अर्ध्याच्याही आत गुडघा अडला. बाबांनी ओठ आवळून श्वास रोखला. गेल्या रजेत हाच पाय त्यांनी स्वतः दुमडून दाखवला होता, वर तिची थट्टाही केली होती की उद्या तुला शर्यतीत हरवतो बघ.

"मला का नाही सांगितलंस?" तिने दादाला विचारलं. आवाज चढला नव्हता.

"सांगून काय केलं असतंस? दर रविवारी तुझी परीक्षा. किती वाढलं, किती चालले. आकडा दिला की तू खूश, दोन मिनिटांत फोन बंद." त्याने कप खिडकीत आदळला. "त्यांना रोज उठवायचं, धरायचं, ते नाही म्हणाले की आर्जवं करायची. मी एकटा आहे इथे. तुला आकडे हवे होते, दिले. कधी 'दादा, तुझं कसं चाललंय' असं विचारलंस?"

तिने विचारलं नव्हतं. अकरा आठवड्यांत त्याने सांगितलेलं हे पहिलं खरं असावं. पण तेवढ्याने तळहाताखालचा गुडघा काही सैल होत नव्हता.

"आता काय करणार आहेस?" दादा म्हणाला. "त्यांना न्यावं तर तुझ्याकडे एक खोली, तिसरा मजला, लिफ्ट नाही. पुढच्या रजेत बघू म्हणशील. ही पाचवी रजा."

"अरे, जाऊ दे ना," बाबा म्हणाले. "दोन दिवसांसाठी आलीय ती. बरं चाललंय की माझं इथे."

धाकटीने त्यांचा पाय अलगद खाली ठेवला आणि त्यावर पांघरूण ओढलं. मग दादाकडे न बघता ती म्हणाली,

"बाबा, परवा मी एकटी जाणार नाही. तुम्ही माझ्याकडे राहायला येताय."