काळ्या मातीचे पंजे

सापळ्यावरचं गवताचं ढेकूळ बाजूला केलं आणि इद्वल मोठ्यानं ओरडला, "सापडलीस गं बये!"

सापळ्याच्या चापात भुईचिचुंद्री होती. काळी, मऊ, पुढचे पंजे फावड्यासारखे. दोन वर्षांतली पहिली. पुढच्या सापळ्यात दुसरी, बांधाकडच्या सापळ्यात तिसरी. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा म्हातारा, गुडघे चिखलात रुतलेले, पण चेहरा असा खुलला की विचारू नका.

खुलणारच. ब्रेकनच्या डोंगराखालचं त्याचं हे नऊ एकरांचं कुरण चिचुंद्र्यांनी पोखरून ठेवलं होतं. जिकडं बघावं तिकडं लाल मातीचे उकीर. ती माती चाऱ्यात जाते आणि मातकट चारा मेंढ्यांना बाधतो. गेल्या हिवाळ्यात चार गेल्या. तेव्हाच गेथिननं, त्याच्या मुलानं, स्पष्ट सांगितलं होतं, "बाबा, ईस्टरपर्यंत सापळ्यात काही सापडलं तर ठीक. नाहीतर मेंढ्या विकायच्या आणि आमच्याकडं शहरात, कार्डिफला यायचं." "तिथं येऊन काय करू? गादीखाली सापळे लावू?" असं इद्वल फणकारला होता खरा, पण शब्द देऊन बसला होता.

आज ईस्टरचा शनिवार. फाटकाच्या आत गेथिन उभा होता, आणि त्याच्या शेजारी डोंगरावरच्या शेताचा मॉस्टिन. हा मॉस्टिन म्हणजे इद्वलचं चाळीस वर्षांचं दुखणं. धरलेल्या चिचुंद्र्या नाकानं काटेरी तारेला अडकवून ओळीनं टांगायच्या, ही इथली रीत. रस्त्यानं जाणाऱ्याला कळावं, या घरचा माणूस अजून कामाचा आहे. कुणाची ओळ लांब, यावरून या दोघांनी चॅपेलच्या, गावच्या प्रार्थनाघराच्या, दारात उभं राहून एकमेकांची अब्रू काढलेली. गेली दोन वर्षं मॉस्टिनची तार भरून वाकत होती आणि इद्वलची रिकामी होती.

"तीन!" इद्वलनं शेपट्या धरून उंच केल्या.

"बघ रे गेथिन, तुझ्या म्हाताऱ्याचा हात!" मॉस्टिन म्हणाला. "आणि म्हणे ह्याला कार्डिफला नेतो!"

इद्वल चमकला. चाळीस वर्षांत या माणसाच्या तोंडून त्याच्याबद्दल चांगला शब्द निघाला नव्हता.

"राहिलं मग, बाबा," गेथिन हसून म्हणाला. "तुम्ही जिंकलात. राहा इथंच."

इद्वल कुंपणाशी गेला. पहिलीचं नाक तारेच्या काट्याला लावलं आणि थांबला. तिचं अंग लाकडासारखं ताठ. पंजांत माती होती, पण काळी. त्यानं ती चिमटीत घेऊन चोळली. भुसभुशीत. त्याच्या कुरणात पुरुषभर खणलं तरी लाल चिकणमातीच लागते. काळी माती डोंगरावर. मॉस्टिनच्या शेतात.

 त्याला राग आला. 

गप्प बसायचं, एवढंच तर होतं. तीन नाकं तारेत खुपसायची आणि मरेपर्यंत आपल्या अंथरुणात निजायचं. कोण विचारणार होतं? पण तो वळला, तरातरा चालत आला आणि तिन्ही चिचुंद्र्या त्यानं मॉस्टिनच्या छातीवर आपटल्या.

"ह्या तुझ्या. ने, आपल्या तारेला टांग."

"अरे, वेड लागलं का तुला? तुझ्याच सापळ्यात..."

"डोंगरावरची चिचुंद्री खाली उतरून माझ्या सापळ्यात मरायला आली होय रे? पंजे बघ तिचे! भीक घालतोस? मला?"

गेथिननं खाली पडलेली एक उचलली, पंजे पाहिले, परत ठेवली. "म्हणजे तुमची एकही नाही, बाबा?"

"एकही नाही. सोमवारी गाडी आण."

गेथिन खिशातून फोन काढून फाटकाकडं गेला.

मॉस्टिन चिचुंद्र्या उचलायला वाकला. एक शेपटी हातात यायला त्याला तीनदा झटावं लागलं.

"गाढवा," तो खाली बघतच म्हणाला. "तू गेलास तर माझी तार बघायला या वाटेवर राहिलंय कोण?"

"तुझी तार तूच बघ."

"माझी कसली डोंबलाची! हा हात बघ. दोन वर्षं झाली, चाप ओढवत नाही. खालच्या गावातला एक माणूस येतो, तोच धरतो, तोच टांगून जातो. ह्यासुद्धा त्यानंच ठेवल्या तुझ्या सापळ्यांत. मला कुठं जमतंय!"

 दोन वर्षं मॉस्टिनच्या कुंपणावरून जाऊन आलं, की इद्वल चुलीपाशी बसून स्वतःच्या हातांना शिव्या घालायचा.

"मग बोलायचं होतंस की मेल्या."

"हसला असतास."

इद्वलनं क्षणभर विचार केला. खोटं बोलणं त्याला कधी जमलं नव्हतं.

"हसलो असतो," तो म्हणाला. "गावभर सांगून हसलो असतो."

फाटकापाशी गेथिन बायकोला सांगत होता, खालचीच खोली रिकामी कर, बाबांना जिना झेपायचा नाही.