पाकिटाचा कल्ला

"सहा वर्षं, आई! रोज डब्यात हेच!" हितेशने फ्रीझरमधली सॉसेजची पाकिटं ओट्यावर आपटली.

दमयंती पापलेट साफ करत होती. पनवेलच्या मासळी बाजारात तिची पस्तीस वर्षांची जागा. मासा हातात आला की कल्ला उघडून बघायचा, लाल, म्हणजे ताजा, असला तरच टोपलीत. घाऊक विकणारा चिडो नाहीतर रडो. खारघरच्या ऑफिसात लागल्यावर हितेशला मात्र मासळीच्या डब्याची लाज वाटू लागली. "पाकिटातलं आणत जा. स्वच्छ असतं, मशीनमधलं," असं त्यानेच आईला बजावलं. पहिला महिना स्वतःच नाक मुरडत खाल्लं. मग एक दिवस म्हणाला, "कंपनीने चव सुधारली बघ." तेव्हा दमयंतीला उगाच खोकला आला होता.

गेल्या आठवड्यात त्याला शौचाला रक्त पडलं. वडील, काशिराम, आतड्याच्या कॅन्सरनेच गेलेले. आज कॅमेऱ्याने तपासणी झाली. निघाली साधी मूळव्याध. पण रोजचं खाणं ऐकून डॉक्टरांच्या कपाळाला आठ्या पडल्या. औषधं मारून टिकवलेलं मांस रोज खाल्लं, की त्याच आजाराचा धोका वाढतो म्हणाले. त्यात घरात आधीच एक जण गेलेला.

"आज सुटलो गं. पण सहा वर्षं पोटात गेलं, त्याचं काय?"  हितेशने पाकिटं कचऱ्याच्या डब्यावर धरली.

"टाकू नको रं," दमयंती पटकन बोलून गेली. "सकालचं ताजं हाय."

ताजं?

हितेशने पाकीट उलटं केलं. तोंडाला रबरबँड. पुसट छापलेलं साल २००९. दुसऱ्यावरही २००९. भिंतीवरचं कॅलेंडर २०१५ चं होतं.

"आई, हे काय आहे?"

दमयंतीने पदराला हात पुसले. "पयल्या महिन्याची चार पाकिटं. तीच धुऊन वापरते. कोंबडी समोर कापून घेते, खिमा करते, लसूण-मिरी घालून वलते, न् मोदकपात्रात वाफवते."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तू कंपनीचं येवढं कौतुक करत व्हतास. कशाला मोडू?"

 हसू आधी आलं की रडू, हितेशलाच कळेना. डोळे पुसत म्हणाला, "पण ते वाईट असतं, हे तुला तेव्हा कसं कळलं?"

"मना काय कललं नाय."

"मग?"

दमयंतीने अंगठ्याने पापलेटाचा कल्ला उघडला. लालभडक.

"मेल्या, त्या पाकिटाला कल्ला कुठं व्हता बघायला?"