डाव्या पायाचं माप

दुकानदाराने मुलीचा डावा पाय मांडीवर घेतला आणि घोट्याभोवती टेप फिरवली. उजव्याचं माप चुटकीसरशी झालं होतं. डाव्याला वेळ लागत होता. त्याने टेप सोडली, घोट्याच्या जरा वर अंगठा दाबला, पुन्हा टेप लावली.

मुलगी बारा वर्षांची. सहाव्या वर्षी बर्फावर पहिल्यांदा उभी राहिली, तेव्हापासूनचे तिचे सगळे बूट याच दुकानातले. फिगर स्केटिंगचं सामान ठेवणारं दुसरं दुकान गावात नव्हतंच. तिच्या गिरक्या पाहून त्यानेच तिला भिंगरी म्हणायला सुरुवात केली. आता घरीही तेच नाव पडलं होतं.

"काका, मापं जरा कागदावर लिहून द्याल का?" आईने विचारलं.

त्याने मान वर केली. इतक्या वर्षांत तिने मापं कधी मागितली नव्हती.

आईला खोटं बोलणं जमायचं नाही. तिने सांगून टाकलं. भिंगरीची यंदा मोठ्या स्पर्धेसाठी निवड झाली होती. कोचचं म्हणणं पडलं, की इथले बूट आता पुरे पडणार नाहीत. परदेशातला एक कारखाना नुसती मापं पाठवली की त्याच पायासाठी बूट शिवून देतो, वरच्या गटातल्या झाडून सगळ्या मुली तिथूनच मागवतात. बोलताना ती फळीवरच्या खोक्यांकडे बघत होती.

असे बाहेरून बूट मागवणारी त्या वर्षातली ती काही पहिली नव्हती. निदान ती सांगत तरी होती. बाकीचे यायचे, चार जोड घालून बघायचे, खोक्यावरच्या नंबरचा फोटो काढायचे आणि थँक्यू म्हणून निघून जायचे.

दुकानदाराने मुलीचा पाय खाली ठेवला, कागद घेतला, दोन्ही पायांचे आकडे नीट मांडले. डाव्याचा आकडा थोडा जास्त होता. दोघींना सोडायला तो दारापर्यंत आला. भिंगरीकडे बघत जरा घुटमळला, मग "जप गं" एवढंच म्हणाला आणि आत वळला. राग आला असणार, असं आईला वाटलं. तिला त्यात वावगं काही दिसलं नाही.

सहा आठवड्यांनी बूट आले. उजवा अगदी चपखल बसला. डावा घोट्याच्या वर चावू लागला. कोच म्हणाले, नवे बूट चावतातच, महिनाभर कळ काढ. भिंगरीने कळ काढली. कापूस भरून, पट्ट्या चिकटवून, ओठ घट्ट मिटून. शेवटी आईने कारखान्याला लिहिलं. तिकडून अगदी अदबीचं उत्तर आलं. पुन्हा मापं पाठवा, आम्ही दुसरा जोड बनवून देतो.

आईने या वेळी घरीच टेप लावली. डाव्या पायाचा आकडा वाढला होता. पोरगी अंगाने भरायला लागली, असं ती नवऱ्याला कौतुकाने म्हणाली.

दुसरा जोड यायला आणखी दोन महिने गेले. तोवर जुन्या दुकानात जाऊन डावा बूट गरम करून थोडा सैल करून आणावा, असं तिच्या दहादा मनात आलं. पण जाणार कोणत्या तोंडाने? बाजारात जातानासुद्धा ती आता पलीकडच्या फुटपाथने जायची.

नवा जोड घालून भिंगरी सरावाला उतरली. तिसऱ्या उडीला डाव्या पायावर टेकली आणि खाली बसली, ती उठलीच नाही.

एक्स-रे पाहून डॉक्टरांनी मुलीला बाहेर थांबायला सांगितलं. पडल्यामुळे हाड मोडलं नव्हतं. हाड आधीच आतून पोखरलं होतं, म्हणून ती पडली होती. घोट्याच्या वर हाडाला गाठ होती, आणि ती साधी नव्हती. चारपाच महिन्यांपूर्वी आला असता तर पाय वाचवायचा प्रयत्न तरी करता आला असता, असं ते म्हणाले.

पाय गुडघ्याखाली काढावा लागला.

औषधांचा पहिला फेरा संपल्यावर एका दुपारी आई दुकानात आली. दुकानदाराच्या कानावर सगळं गेलंच होतं. त्याने स्टूल पुढे केलं. तिने बुटांचं खोकं काउंटरवर ठेवलं, कुणा होतकरू मुलीला द्या म्हणाली. भिंगरीचे केस गेल्याचं सांगितलं. कुबड्या घेऊन ती घरभर फिरते, पडते, कुणाला हात लावू देत नाही, हेही सांगितलं. जे बोलायला आली होती ते तिने अजून नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

"चूक माझी आहे, काका. तिचे बूट तुमच्याकडूनच घेत राहिले असते, तर तिचा पाय सारखा तुमच्या हाताखालून गेला असता. तुम्हाला लगेच कळलं असतं. तुम्ही मला सांगितलं असतं. मी आपली आकडे पाठवत बसले."

ती रडली नाही. त्याने माफ केलं म्हणावं, एवढ्यासाठी थांबून राहिली. तसं म्हणणं सोपं होतं. ती उठून घरी गेली असती आणि कुणाला कधी काही कळलं नसतं.

दुकानदार काउंटरमागून बाहेर आला. तिच्यासमोर जमिनीवरच बसला.

"ताई, तुम्ही कागद मागितलात ना, त्याच्या आधीच ती गाठ माझ्या हाताला लागली होती."