पाठीवरचा भाऊ

"पुष्पांजली, दे ना वं आता तो वरवंटा. लेकराले घे."

नणंदेनं हात पुढे केला. पुष्पांजलीनं वरवंटा आणखी छातीशी धरला.

पाळण्याच्या खालून-वरून फिरून तो नुकताच तिच्या हाती आला होता. तेल-हळद माखलेला, लाल कुंची घातलेला, गालाच्या जागी काजळाची तीट. बारशात बाळाच्या आधी वरवंट्याला पाळण्यात निजवतात, बाळ तसंच टणक व्हावं म्हणून. मग तो बाजूला ठेवायचा आणि बाळाला घ्यायचं. पुष्पांजली ठेवेना. ती डोलत होती, त्याला थोपटत होती. बाळंतपणानंतर पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर जरा निवांतपणा दिसला.

मुलगी पुष्पांजलीच्या आईच्या, आशाबाईच्या मांडीवर होती. जानेफळच्या या माहेरच्या घरात ती कायम तिथंच असायची. पुष्पांजली पाजायची तेही बाजेवर आडवी होऊन, बाळाला आईनं धरलेलं. पाजून झालं की भिंतीकडे तोंड. बाळाच्या आंघोळीचं पाणी निघालं की ती उठून परसात जायची. रडायची. कशासाठी, ते सांगायची नाही. मग ज्यानं त्यानं ते आपल्या मनानंच ओळखलं : पोरगी झाली ना.

सकाळी ती आईला म्हणाली होती, "मले इतक्यात नको पाठवू. तिच्यासंगं एकटी नाही राहू शकत मी."

"तू बी पोरगीच झाली होती मले. मी बसली का रडत? लक्ष्मीचं तोंड पाहून रडू नाही, माय."

बोलणं तिथंच संपलं होतं. बारसं आटोपलं की सासरी, नांदुऱ्याला. तिथं नवरा कामावर, सासू शेतात. दिवसभर घरात ती आणि मुलगी, दोघीच.

"पाहा वं बाई, सोडतच नाही वरवंट्याले!" कुणीतरी हसलं. "पाठीवर भाऊच येते आता, पाहून घ्या!"

साऱ्या बाया हसल्या. आशाबाईही हसली, डोळ्यांना पदर लावून.

सासू केसरबाई मात्र ताटकळली होती. "पहिली बेटी धनाची पेटी. नातू मले बी पायजे, पन त्याले टाइम हाये. ठेव तो गोटा. जीपवाला केव्हाचा हॉर्न वाजवून राह्यला."

आशाबाईनं बाळाला उचलून लेकीपुढे धरलं. मुलीनं डोळे उघडले, इवलीशी जांभई दिली. पुष्पांजलीनं एक बोट पुढे केलं, त्या कपाळापर्यंत नेलं आणि चटका बसल्यासारखं मागं घेतलं. मग सरकत सरकत ती भिंतीला टेकली.



"काऊन वं," केसरबाई म्हणाली, "इतकी पोराची हाव?"

पुष्पांजलीनं दोन्ही हातांनी वरवंटा घट्ट धरला. मान हलवली.

"पोराची नाही," ती म्हणाली. "हा माह्या हातून मरनार नाही."