बंद करू नये

सुचेताच्या लॅपटॉपवर चिकटवलेल्या ‘बंद करू नये’ या चिठ्ठीचा एक कोपरा झेंडूने पिवळा पडला होता. दसऱ्याला तिच्या मदतनीस श्रियानेच त्यावर फूल ठेवलं होतं. डोंगरातली दरड कुठवर येईल हे सांगणारा सुचेताचा प्रोग्राम श्रियाने दुसऱ्या तीन कॉम्प्युटरांवर चालवून पाहिला होता. माहिती तीच, तरी दर वेळी पडद्यावर दरड पायथ्याच्या वाडीवर आली. फक्त या लॅपटॉपवर ती वाडीच्या वरच थांबायची, आणि सुचेताच्या नावाने छापलेला नकाशा यावरचाच होता.

“मॅडम, हा नवसाला पावणारा दिसतोय,” श्रिया तेव्हा म्हणाली होती.

“तुझंच काहीतरी चुकतंय,” असं म्हणून सुचेताने विषय मिटवला होता.

आज वाडीतून येसाजीचा फोन आला. “मॅडम, पावसाळ्यापुरतं कडावला पाहुण्यांकडं जायचं का, लोक इचारतात. मी सांगितलं, मॅडमच्या कॉम्प्युटरवर आपली वाडी सुरक्षित हाय. बरोबर ना?”

सुचेताला श्रियाकडे बघवेना.



“फक्त माझ्याच कॉम्प्युटरवर, येसाजीदादा. तुम्ही वाडी सोडा.”